‘शन’चे दाखले

बापूसाहेब शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, आणि शेवटी ‘शन’ येणाऱ्या लांबलचक इंग्रजी शब्दांचा त्यांना भारी सोस. मुलाखतीला येईल त्याला ते असे शब्द विचारून घाम फोडत. सकाळपासून बाहेरच्या बाकावर ताटकळलेल्या मालनताईंना तो आत शिरतानाच फुटला होता. ही शिक्षिकेची नोकरी हुकली तर गाव सोडावं लागणार होतं. त्यात बापूसाहेबांचा पुतण्याही उमेदवार, आणि तो आत काकांशेजारी चहा पीत बसलेला. समोर देखरेखीला आलेले सरकारी अधिकारी होते.

“प्रोक्रास्टिनेशन,” बापूसाहेब म्हणाले. “कोशातला अर्थ नको, डोळ्यांसमोरचा दाखला द्या.”

मालनताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “चालढकल, साहेब. दहाची मुलाखत आपण चारला घेताय.”

अधिकारी खाकरले. बापूसाहेब तापले. “डिस्क्रिमिनेशन?”

आता नोकरी गेलीच, असं वाटून मालनताईंनी पुतण्याच्या कपाकडे पाहिलं. “भेदभाव. बाहेर आम्हाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.”

“आणि सिलेक्शन?” बापूसाहेब गुरगुरले.

“निवड. तो दाखला अजून घडायचाय, साहेब. हे अधिकारी बघतायत.”

पुतण्याने हळूच कप खाली ठेवला आणि तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.