न झालेल्या फेरीची मते

एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मनात एकदा आले की, पाळण्यांची मजा लुटायला माणसांनी उन्हात का म्हणून तापावे? झाले! त्याने नगराबाहेर एक अवाढव्य छपराची इमारत उभारली, आत काळोख केला, आणि त्या काळोखात वर-खाली, आडवेतिडवे रूळ टाकून एक रोलर कोस्टर बांधली. तिचे नाव ठेवले ‘पाताळफेरी’. आयुष्यभराची कमाई तिच्यात ओतल्यामुळे उद्घाटनाचा दिवस जवळ येऊ लागला तशी त्या बिचाऱ्याची झोप उडाली.

आता अशा गाड्यांचे वेड असलेली एक जमातच जगात नांदत असते. कोणती गाडी किती उंच, कोणती कुठे उलटी होते, पुढच्या रांगेत बसावे की मागच्या, यावर ही मंडळी तहानभूक विसरून भांडतात. या चाहत्यांत एक प्रघात होता. नवी गाडी आली की जो सर्वांआधी आपले मत मोबाइलवरून जगाला कळवील, त्याचा मान मोठा. मागाहून आलेले मत कितीही मार्मिक असले तरी ते शिळे.

या मंडळींत अग्रगण्य होता एक तरुण. सकाळी तो नदीकाठच्या एका वृद्ध आचार्यांकडे न्यायशास्त्र शिकत असे आणि उरलेला दिवस कुठल्या ना कुठल्या गाडीत उलटा लटकत असे. दोन्ही विषयांत त्याची गती उत्तम होती. स्वतः अनुभवले ते प्रत्यक्ष, खुणेवरून ताडले ते अनुमान, हे तो झोपेतून उठवले तरी धडाधडा म्हणून दाखवी. त्याच्या मताला चाहत्यांत भलताच भाव होता. तो ‘बरी’ म्हणाला की गाडी बरी, तो ‘रटाळ’ म्हणाला की तिथे कावळे उडू लागत.

म्हणून व्यापाऱ्याने उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सर्व चाहत्यांना पहिल्या फेरीसाठी बोलावले, आणि या तरुणाला तर हात जोडून सांगितले, “तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. काय खटकेल ते बोला, उद्याच्या आत तोडून टाकतो.”

तरुणाला आभाळ ठेंगणे झाले. सकाळी पाठ संपल्यावर त्याने ही वार्ता आचार्यांना सांगितली, तेव्हा आचार्य पंचा खांद्यावर टाकत म्हणाले, “मलाही घेऊन चल.”

“गुरुजी, वयाला झेपायचं नाही.”

“वयाचं मी बघतो. तू रस्ता दाखव.”

दुपारी दोघे इमारतीत पोहोचले तेव्हा रांग लागलेली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण मान खाली घालून मोबाइलवर काहीतरी टंकत होता. एवढी मोठी गाडी समोर उभी होती, पण तिच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. आचार्यांनी शिष्याच्या खांद्यावरून डोकावून विचारले, “काय लिहितोस?”

“माझं मत, गुरुजी. पाताळफेरीविषयी.”

“पण आपण अजून रांगेत आहोत ना?”

“त्याचं असं आहे,” शिष्य शिकवण्याच्या सुरात म्हणाला, “गाडीत मोबाइल नेऊ देत नाहीत. अंधारात हातातून सुटून कुणाच्या टाळक्यात बसला म्हणजे? तो या खणात ठेवायचा. मग उतरून, मोबाइल घेऊन, लिहीपर्यंत दुसरा कुणीतरी पुढे जाणार. म्हणून मजकूर आधीच तयार करतो आणि वेळ लावून ठेवतो. आपली फेरी संपायच्या सुमारास तो आपोआप सगळ्यांपर्यंत जाईल.”

“आणि ती कशी आहे हे तुला कुठून कळलं?”

“रुळांचा आराखडा सगळ्या चाहत्यांनी पाहिलाय. आरंभी चढण, मग घसरण, मग दोन पलट्या. सगळं झकास. मधे मात्र एक लांबलचक सपाट पट्टा आहे. तिथे गाडी नुसती हळूहळू चालणार. रटाळ! शेठना तो काढायलाच सांगितलाय यात.”

आचार्यांनी “असं होय,” एवढेच म्हटले.

मोबाइल खणात गेले. मंडळी गाडीत बसली. शिष्याने अर्थातच पहिली रांग पटकावली आणि आचार्यांना शेजारी बसवले. पोटावर दांडा आला. फलाटावर व्यापारी आणि त्याचा मिस्त्री उभे होते. गाडी हाकणारा कळ दाबणार, एवढ्यात एक भयंकर किंकाळी फुटली.

“अगं आई गं! मेलो! धरा रे कुणीतरी!”

आचार्य! दोन्ही हात वर, डोळे घट्ट मिटलेले, पंचा उडून मागच्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर. गाडी जागची तसूभरही हलली नव्हती. आचार्य उजवीकडे कलले, डावीकडे कलले, पुढे वाकून “गेलं, गेलं, पोट खाली राहिलं!” म्हणून ओरडले, आणि मग एकाएकी शांत झाले. त्यांनी केस सारखे केले, मागे वळून पंचा मागून घेतला आणि गाडी हाकणाऱ्याला म्हणाले, “दांडा वर घे बाबा. झकास होती. मधे जरा रटाळ वाटली एवढंच.”

मागच्या रांगांतून हशा पिकला. शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. ज्या मंडळींत आपल्या शब्दाला किंमत, त्यांच्यासमोर आपल्या गुरुजींनी आपली अशी शोभा करावी! त्याला रडूच यायचे बाकी होते. तो दबक्या आवाजात म्हणाला, “गुरुजी, अहो, सुरू नाही झाली अजून.”

म्हाताऱ्याला वात झाला की काय, या शंकेने गाडी हाकणारा पाणी आणायला धावला. कुणी वारा घालू लागले. पंखा आणा, डॉक्टरला बोलवा, असा गोंधळ उडाला. या गोंधळात मजकुरांना लावून ठेवलेली वेळ येऊन ठेपली आणि व्यापाऱ्याच्या खिशातला मोबाइल टणाटण वाजू लागला.

“आली, आली! मतं आली!” व्यापाऱ्याने चष्मा चढवला आणि आनंदाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘आताच पाताळफेरीतून उतरलो. पाय अजून लटपटताहेत.’ वा! ‘घसरणीला डोळ्यांतून पाणी आलं. असा थरार कधी अनुभवला नव्हता.’ वा वा! ‘पलटीच्या वेळी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला.’ अहो, काय लिहितात ही माणसं!”

लटपटणारे पाय, पाणावलेले डोळे आणि अनोळखी हात आपापल्या जागी कोरडे ठणठणीत बसून होते. कुणी कुणाकडे पाहीना. व्यापाऱ्याचा मात्र जीव त्या मतांत असा अडकला होता की समोरची गाडी भरलेलीच उभी आहे, हे त्याच्या ध्यानी येईना. त्याचा चेहरा एकदम उतरला. “‘मधला सपाट पट्टा म्हणजे जांभया देण्याची जागा.’ ‘मधे कंटाळलो.’ आणि हे बघा, आपल्या तरुण पंडितांचं: ‘तो पट्टा तातडीने काढावा, अन्यथा ही गाडी फार काळ टिकणार नाही.’ मिस्त्री! माणसं बोलव! आत्ताच्या आत्ता उखडायला घे!”

मिस्त्री निघाला. शिष्य पेचात पडला. गप्प राहावे तर नाव शाबूत राहत होते, पण एक न पाहिलेली गोष्ट त्याच्या शब्दाखातर मोडली जाणार होती. बोलावे, तर आजवर कमावलेल्या मानाची माती. त्याने आचार्यांकडे पाहिले. ते निवांत पाणी पीत होते.

तेवढ्यात व्यापाऱ्याला ते दिसले. “महाराज, तुम्ही मघाशी ओरडत का होता?”

आचार्यांनी पेला खाली ठेवला. ते बोलले व्यापाऱ्याशी, पण पाहत होते शिष्याकडे.

“शेठजी, डोंगरावर धूर दिसला तर तिथे विस्तव असेल असं ताडावं. शास्त्राची त्याला ना नाही. अनुमान हेही ज्ञानच आहे. पण धूर पाहूनच एखादा हाताला मलम लावून, वर पट्टी बांधून, ‘भाजलं हो भाजलं’ करत गावभर हिंडायला लागला, तर? इथे सगळ्यांनी बसण्याआधीच लटपटून घेतलं. मला वाटलं, इथली रीतच ही असावी. मला त्या यंत्रावर लिहिता येत नाही, म्हणून मी आपलं ओरडून घेतलं.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “अनुमान चुकलं तर बिघडत नाही, ते सुधारता येतं. पण अनुमानालाच प्रत्यक्षाच्या आसनावर बसवलं की पुढे प्रत्यक्ष दारात येतं, आत डोकावतं, जागा भरलेली पाहतं आणि परत जातं. माणसाला वाटतं, आपल्याला हल्ली कशाचंच काही वाटत नाही.”

शेवटचे वाक्य शिष्याच्या वर्मी लागले. खरेच, गेली कित्येक वर्षे कुठल्याच गाडीत त्याच्या पोटात गोळा आला नव्हता. घसरणीच्या टोकावर गाडी क्षणभर थबकायची, तेव्हा तो मनात विशेषणे जुळवत असायचा. लहानपणी जत्रेतल्या साध्या पाळण्यात तो आनंदाने किंचाळला होता. त्या आनंदापायीच तर हे वेड लागले होते, आणि तो आनंद कधी हातचा गेला हे त्याला कळलेही नव्हते. त्याला फार वाईट वाटले.

“थांबा, मिस्त्री!” तो सर्वांदेखत म्हणाला. “शेठ, ते मत खोटं आहे. मी गाडीत बसण्याआधी लिहिलंय. आमच्यापैकी कुणीच तो पट्टा पाहिलेला नाही.”

मागच्या रांगांतून कुजबुज झाली. ‘आमच्यापैकी’ हा शब्द पुष्कळांना झोंबला. व्यापारी तर संतापाने लालबुंद झाला. सगळ्यांना हाकलून द्यावे असे त्याच्या मनात होते, पण हाकलल्यावर मत द्यायला कोण उरणार, या विचाराने त्याने राग गिळला आणि खूण केली. गाडी सुटली.

काळोखात ती चढली, कोसळली, उलटीसुलटी झाली. शिष्य सवयीने शब्द शोधू लागला. पण शब्द एकदा लिहून संपलेले, शिवाय खोटे ठरलेले! आणि मग तो सपाट पट्टा आला. गाडी मंदावली, आवाज थांबला, समोरचे काही दिसेना. पुढे कडा आहे की भिंत, आपण वर आहोत की खाली, काही उमगेना. आराखड्यात हा काळोख कुणी काढलेला नव्हता. शेजारी आचार्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो काही फारसा शांत नव्हता. शिष्याने दांडा घट्ट धरला. मग पायाखालचे सारे अचानक नाहीसे झाले आणि त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती त्याने मुळीच तयार करून ठेवलेली नव्हती.

गाडी फलाटाला लागली. खणातले मोबाइल घ्यायला कुणी उठेना. व्यापारी काकुळतीला आला. “अहो, बोला की! तो पट्टा ठेवू की काढू?”

“हात लावू नका त्याला,” शिष्य कसाबसा म्हणाला.

“का?”

“ते सांगता नाही येत, शेठ.”

“आणि मघाशी खोटं बोललात, आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?”

“ठेवू नका. तुम्हाला कसा वाटला तो पट्टा?”

व्यापारी एकदम आपल्या पायांकडे पाहू लागला. मिस्त्री छताकडे पाहत पुटपुटला, “शेठ बसलेच नाहीत कधी. त्यांना चक्कर येते.”

पुढे काय झाले ते सांगायलाच हवे का? चाहत्यांनी व्यापाऱ्याला उचलून पहिल्या रांगेत बसवले. तो परत आला तेव्हा टोपी नाहीशी झाली होती आणि चष्मा एका कानावर लोंबत होता. मिस्त्रीने विचारले, “उखडू का?” व्यापाऱ्याने त्याचा हात घट्ट धरून ठेवला आणि नुसती मान हलवली: नाही, नाही, नाही.

शिष्याने त्याच दिवशी मत मागे घेतले आणि कारणही लिहिले. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. त्याचा मान गेला तो गेलाच. नव्या गाड्यांविषयी लोक दुसऱ्या कुणाला तरी विचारू लागले, आणि तो दुसराही कुठल्याशा रांगेत मान खाली घालून टंकत असेल.

पण त्या सायंकाळी इमारतीच्या पायरीवर शिष्य गुरुजींची वाट पाहत उभा होता, तेव्हा त्याला याचे काही वाटत नव्हते. आचार्य भिंतीला धरून हळूहळू बाहेर आले.

“बाळ, जरा हात दे,” ते म्हणाले. “माझे गुडघे अजून आतच राहिलेत.”

शिष्याने हात दिला. दोघे पायरी उतरून नदीच्या वाटेला लागले, आणि फेरी कशी होती हे कुणीच कुणाला विचारले नाही.