दुसऱ्यांदा निवडायची डाळ

"केमो नाही घेतली तं काय होईल, हे विचारलं काय डॉक्टरले?"

"विचारलं. बहुतेक काहीच होणार नाही म्हणाले."

"अन् घेतली तं?"

"तरी बहुतेक काहीच होणार नाही."

गोदाआई तुरीची डाळ निवडत होत्या. मठात त्याच सर्वांत वडील. समोर वनमालाबाई देवतळे, निवृत्त मुख्याध्यापिका. उभ्या शाळेच्या रजा त्यांनी एका नजरेत मंजूर-नामंजूर केल्या होत्या. स्तनातली गाठ काढून महिना झाला, आणि एवढं एक होय-नाही त्यांना जमत नव्हतं.

"गाठ लवकर सापडली. पूर्ण काढली. केमोमुळे थोड्याच बायकांचा आजार परतायचा टळतो. त्या थोड्यांत मी आहे का, ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्हीच ठरवा म्हणतात."

"मंग?"

"मुलगी म्हणते, घे. हे म्हणतात, तुझे हाल बघवणार नाहीत. आजवर मी कुणाला विचारून पाऊल टाकलं नाही. पण आता फार दमलेय, आई. तुम्ही सांगाल ते करीन."

गोदाआईंनी ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

वनमालाबाईंना राग आला. तरी त्या निवडू लागल्या. चष्मा पुसून, दाणा न् दाणा बघत.

"झाली?"

"झाली."

"खडा नाही राह्यला?"

"दिसला तरी नाही..."

"मंग शिजवाची, का आणखी एक डाव निवडाची?"

वनमालाबाईंचा हात ताटावरच थांबला.

"तेही मीच सांगायचं?" त्यांचा आवाज फुटला. "आणि कुणाच्या दाताखाली खडा आला, तर सगळी पंगत माझ्याकडे बघणार!"

"इथं नाही पाहात. इथं कोणीही निवडो, खडा लागला का माझं नाव घेतात."

"निवडली मी, आणि नाव तुमचं?"

"रीत आहे मठाची."

वनमालाबाई रडू लागल्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, घरीही नाही. गोदाआईंनी रडू दिलं.

"आणि केमोचं, आई?" पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं. "ते तरी सांगा..."

"ते तू ठरव. चुकलं तं माझं नाव घेजो."