आवडीचं पोतेरं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माडसईच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, पलीकडे जायला होडीच होती.

गावात घरोघरी काथ्याचे दोर वळायचे. त्यासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, महिनोन्‌महिने खाडीत कुजत घालायची. सगळ्यात जास्त सोडणं गावचा प्रमुख असलेल्या अंतू गावकाराची. एका सकाळी तो काठावर आला आणि जागच्या जागी थिजला. सोडणांच्या घाणीने खाडी काजळासारखी काळी, आणि मासे पोट वर करून तरंगत होते. एकही जिवंत नव्हता. असं म्हणतात, त्या दिवशी बगळेसुद्धा ओरडत निघून गेले.

गावात आवडी नावाची बाई होती. खाडीतली कालवं फोडून पोट भरायची. खाडी मेली तर तिची चूल विझणार. तिने गावकाराकडूनच दोर मागून नेले, समुद्राच्या तोंडाशी खडकांवर वाढणारं शेवाळ त्यांना बांधलं आणि ते दोर खाडीत आडवे ताणले.

लोक हसले. "आवडी खाडयेक वेणी घालता!"

पण असं म्हणतात, शेवाळ रात्रीत हातभर वाढायचं, आणि वाढेल तसं पाणी निवळायचं. थंडी सरेपर्यंत तळातली वाळू दिसू लागली. मासे परतले.

गावकाराने दोरांना हळदकुंकू वाहिलं. शेवाळदेवी म्हणून गाव पाया पडू लागला. देवी आहे म्हटल्यावर सोडणंही दुप्पट पडू लागली.

आणि एके दिवशी आवडी कोयती घेऊन पाण्यात उतरली आणि देवीला सपासप कापू लागली!

बायका किंचाळल्या. गावकार काठावरून ओरडला. "गो आवडे, खुळी झालंस काय? देवीक कोयती लावतंस?"

"देवी खयची, गावकारानू? पोतेरां ह्यां. घाण पुसून घेतल्यान, आता भायर काढूक नको? हयच कुजला तर सगळी घाण परत पाण्यात!"

देवीला पोतेरं म्हणाली! गावकाराचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्याने तिची कोयती हिसकावली आणि दोरांवर राखण बसवली.

उन्हं तापली. शेवाळ पिवळं पडलं, गळलं, कुजलं. एका सकाळी खाडी पुन्हा काळी झाली.

गावकार धावत आला, तेव्हा आवडी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून रिकाम्या हातांनी शेवाळ ओरबाडत होती.

"आवडे, भायर ये! मरशील त्या पाण्यान!"

"मगे तुमी येवा!"

कुणी हललं नाही. देवीला हात कोण लावणार? शेवटच्या दोरासाठी आवडीने बुडी मारली. दोर सुटला. शेवाळाचा भारा वर आला. आवडी आली नाही.

गावकार धोतरासकट पाण्यात शिरला. त्याच्या मागून सगळा गाव शिरला. हाताला शेवाळ लागत होतं, नुसतं शेवाळ. असं म्हणतात, तिला हाका मारत गावकार दिवस मावळेपर्यंत ते बाहेर ओढत राहिला, आणि जिथे त्याचा हात पडला तिथलं पाणी निवळत गेलं.

ते शेवाळ त्यांनी माडांच्या मुळाशी पुरलं. आवडी सापडली नाही.

माडसईत आजही खाडीत कुणी सोडण टाकत नाही. थंडीत शेवाळाचे दोर ताणतात आणि उन्हं तापायच्या आत सगळा गाव ते काढायला उतरतो. हळदकुंकू नाही, नारळ नाही. कोयतीही न्यायची नाही. गावकाराच्या घरचा माणूस पहिला हात घालतो आणि खाडीकडे बघून ओरडतो,

"आवडे, आमी इलंव गो!"