पहिली पुडी

वैद्य घोड्यावरून गावोगाव फिरत, त्या काळची ही गोष्ट. एका गावात एक वैद्य होता. त्याच्या हाताला गुण होता आणि स्वभावाला थोडा ताठा. आपलं औषध चुकलं असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नाही, असं त्याचं म्हणणं.

एके दिवशी गावातली कासारीण आजी त्याच्या ओसरीवर आली. चाळीस वर्षं तिने लेकीबाळींच्या हातांत बांगड्या भरल्या होत्या. आता तिचेच हात थरथरत होते.

"वैद्यबुवा, दोन महिन्यांवर नातीचं लग्न आलंय," ती म्हणाली. "तिचा हिरवा चुडा मलाच भरायचाय. पण काल बांगडी फुटली आणि पोरीला काच लागली. हात कापायचे थांबतील अशी एखादी पुडी द्या."

वैद्याचा हात सवयीने बटव्याकडे गेला, मग थांबला. "सध्या काय काय घेता?"

आजीने टोपली पुढे केली. आत नऊ पुड्या होत्या, बांगड्यांसारख्याच नीट लावलेल्या.

"ज्या क्रमानं आल्या तशा मांडा. आणि प्रत्येकीच्या आधी काय झालं होतं ते सांगा."

आजी शेवटून सांगू लागली. हात कापायला लागले ते चक्करेच्या पुडीनंतर. ती जत्रेतल्या वैद्याने दिलेली. चक्कर यायची ती पोटाच्या पुडीनंतर. ती शेजारच्या गावातली. मधल्या काळात झोपेची, छातीच्या दुखण्याची अशा आणखीही आल्या होत्या.

"आणि पोटाला काय झालं होतं?"

"आग पडायची. या पहिल्या पुडीपासून. सात वर्षांपूर्वी गुडघा मुरगळला होता ना, तेव्हाची."

"गुडघा अजून दुखतो?"

"छे, तो महिन्यात बरा झाला."

वैद्याने पुडी उचलली. कागदावर त्याचंच अक्षर होतं. ओसरीवर चार माणसं बसली होती. जत्रेतल्या वैद्याच्या नावाने खडे फोडले असते, तर सगळ्यांना पटलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण समोर ते हात थरथरत होते, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"आजी, पहिली चूक माझी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "पण गुडघा बरा झाल्यावरही घेत का राहिलात?"

"तुम्ही घ्या म्हणालात, बाबा. संपली की नात इथूनच नवी आणायची. थांबा असं कुणी म्हणालंच नाही."

वैद्याने टोपली जवळ ओढली.

त्याने टोपली उकिरड्यावर रिकामी केली नाही. छातीची पुडी वेगळी काढून म्हणाला, "ही सोडायची नाही." बाकीच्या त्याने एकेक करून कमी केल्या. दर आठवड्याला तो स्वतः आजीच्या दारी जाऊन विचारपूस करी. झोपेच्या पुडीत मात्र घाई झाली आणि आजी तीन रात्री टक्क जागी राहिली. मग ती चिमूटचिमूट कमी केली.

चुड्याच्या दिवशी टोपलीत छातीची आणि झोपेची, अशा दोनच पुड्या उरल्या होत्या. आजीने नातीचा हात हातात घेतला. वैद्य पाहुण्यांत बसला होता, पण त्याची नजर आजीच्या बोटांवरून हलेना. एकेक हिरवी बांगडी अलगद चढत गेली.

"आजी, जरासुद्धा लागलं नाही गं," नात म्हणाली.

त्यानंतर तो वैद्य प्रत्येक पुडीवर लिहू लागला, औषध कशासाठी आहे आणि ते अजून हवं का, हे विचारायला कधी यायचं.

तात्पर्य: औषध देणं ही अर्धी विद्या. ते वेळीच थांबवणं ही उरलेली अर्धी, आणि ती आपली चूक कबूल केल्याशिवाय येत नाही.