शिंपलवाडीची खिडकी

त्या राज्याची जमीन समुद्रापेक्षा खाली होती. मध्ये एक बांध होता, पण राज्याचा खरा भरवसा नकाशावर होता. दर अमावास्येला सकाळी नकाशाची ताजी प्रत बांधावरून पाण्यात सोडत. समुद्र ती वाचत असे आणि बांधाची रेघ पाहून रेघेपलीकडेच थांबत असे.

नकाशा करण्याचे काम बगळ्यांच्या एका घराण्याकडे होते. आजोबांनी तो तांब्याच्या पत्र्यावर चोचीने कोरला होता. आता नातू कोरत असे आणि त्याची बायको शाई भरून प्रती छापत असे. प्रत्येक छपाईला तांबे झिजते, रेघा पुसट होतात. त्या पुन्हा खोल कराव्या लागत. एखादे गाव बुडाले, तर पत्रा उलटा करून मागून ठोकायचा आणि ती जागा घासून सपाट करायची, असा घराण्याचा रिवाज होता. आजोबांनी अशी कित्येक गावे सपाट केली होती आणि ते वेळेवर जेवायला बसले होते.

त्या दिवशी बगळी ओल्या प्रती वाळत घालत होती. टिटवी दारात उतरली.

"शिंपलवाडी गेली," ती म्हणाली.

शिंपलवाडी बांधाबाहेर होती. बगळ्यांची मुलगी तिथे नांदत होती.

बगळ्याने पत्रा उलटा केला. ठोकायला चोच उचलली. मग त्याने पत्रा सुलटा केला आणि शिंपलवाडीच्या रेघा खोल केल्या.

दुसऱ्या दिवशी तिथे एक घर आले. मग अंगण आले, दोरीवर धुणे आले.

"दार डावीकडे होतं," बगळी म्हणाली. त्याने दार डावीकडे घेतले.

बांधाची राखण करणारे कासव एकदा डोकावले. "बगळेबुवा, बुडालेल्या गावात धुणं वाळतंय, आणि आमचा बांध काही सापडत नाही."

"डोळे दाखवून या, कासवदादा."

"डोळे तुमच्या आजोबांच्या वेळेपासून शाबूत आहेत. रेघ तेवढी कोरा."

"अहो, ते खरं सांगतायत," बगळी म्हणाली. "आधी रेघ घ्या."

"खिडकीत दिवा झाला की लगेच. तिला अंधाराची भीती वाटते."

बगळीने पत्र्यात शाई भरली.

छपाई चालूच होती. नकाशावरून आधी रस्ते गेले, मग कालवे. आपला वाडा दिसत नाही म्हणून राजाने चांगली शाई पाठवली.

अमावास्येला प्रत निघाली. बगळीने ती उजेडात धरली. सगळा कागद पांढरा होता. कोपऱ्यात शिंपलवाडी होती. घर, दार, धुणे, खिडकीत दिवा. इतकी सुबक छपाई त्या घराण्यात कधी झाली नव्हती.

कासवाने प्रत पाहिली आणि मान आत ओढून घेतली. रेघ उमटलेली दुसरी प्रत नव्हती. त्याने ती पाण्यात सोडली.

समुद्राने कागद वाचला, उलटवून पाहिला. मग एक लाट तो कागद अलगद उचलून बांधावरून आत आली, कुणाचे तरी घर शोधत असल्यासारखी.

बांधाची रेघ कोरायची राहिली होती.