कोल्ह्याच्या शिकारीचं पहिलं हत्यार

एकदा एका मेंढपाळाची अकरा दिवसांची झोप एका कोल्ह्यानं खाल्ली. तशी त्यानं सात कोकरंही खाल्ली होती. पण कोकराचं दुःख रडून तरी हलकं होतं, झोपेचं तसं नाही. ती गेली की माणूस चालतो, बोलतो, आणि तरी कुठंच नसतो. हा भला गृहस्थ परवा मेंढ्यांना मीठ समजून चुलीतली राख चाटवायला निघाला होता. कारभारणीनं हात धरला म्हणून बरं.

कळप लहान होता, तीस-पस्तीस मेंढ्यांचा, राखणीला एक कुत्रा. एरवी तो सदा चालता असे. आज या शिवारात, उद्या त्या. यंदा बऱ्याच मेंढ्या एकदम गाभण राहिल्या आणि एका माळावर गवतही बरं मिळालं, म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच दोन महिने एका जागी मुक्काम ठोकला. दोरीच्या जाळीचं कुंपण उभं केलं. त्याला मेंढपाळ लोक वाघर म्हणतात. मेंढ्या विऊ लागल्या आणि पाठोपाठ कोल्हा येऊ लागला.

"हे बघा," कारभारीण एके सकाळी म्हणाली, "आता आणखी एक कोकरू गेलं, तर कळप माझ्या भावाच्या हवाली करायचा आन आपण वीटभट्टीवर जायचं. तिथं निदान विटा तरी कोण पळवत नाही."

ती रागानं बोलली असती तर त्यानं उलट उत्तर दिलं असतं. पण ती थकून बोलली, आणि थकलेल्या माणसाशी भांडण करता येत नाही. आजोबांपासून चालत आलेला कळप आपल्या हातून जाणार, या विचारानं त्यानं पायात वहाणा सरकवल्या.

मेंढपाळानं जन्मात कधी शिकार केलेली नव्हती. तो बाजारात गेला. तिथल्या एका व्यापाऱ्यानं त्याचे तांबारलेले डोळे पाहिले आणि गिऱ्हाईक ओळखलं. त्यानं एक भाला पुढं केला, जनावराचा पाय पकडणारा दातेरी लोखंडी चाप दाखवला, वाळल्या गवताच्या रंगाची बंडी अंगाला लावून पाहिली, आणि शेवटी एक बोरूची शिट्टी काढली. ती फुंकली की जखमी सशासारखा आवाज निघे. "ही वाजवा, कोल्हा पायाशी येऊन बसतो की नाही बघा!" व्यापारी म्हणाला. मेंढपाळानं या साऱ्याच्या बदल्यात अंगावरची नवी घोंगडी दिली. तिची लोकर कारभारणीनं दोन हिवाळे कातली होती. घोंगडी देताना त्याला वाईट वाटलं, पण आज रात्री झोप लागेल या आशेपुढं त्याला दुसरं काही दिसेना.

माळाच्या टोकाला एक म्हातारा राहत असे. एके काळचा नामांकित शिकारी; आता चार शेळ्या पाळून होता आणि फारसं बोलत नसे. चाप लावायचा कसा, हे तेवढं त्याला विचारावं, म्हणून मेंढपाळ त्याच्याकडे गेला आणि सगळा पसारा त्याच्यापुढं मांडला.

"बाबा, मी नवखा आहे. ह्यातलं आधी काय वापरू, सांगा."

म्हाताऱ्यानं एकेक वस्तू हातात घेतली. चापाची कमान दाबून पाहिली, चांगली होती. भाल्याचं पातंही बरं होतं. शिट्टी त्यानं फुंकली आणि हळूच खाली ठेवली.

"कोल्हा किती दिवस येतोय?"

"अकरा दिवस झाले."

"रोज?"

"रोज."

"अरे लेका, जो रोज न बोलावता येतोय, त्याला बोलवायचं साधन विकत आणलंस व्हय!"

मेंढपाळ शरमला. त्यानं शिट्टी मुकाट्यानं बंडीखाली सारली. म्हातारा खोपटात गेला आणि एक जुनं फावडं व कुदळ घेऊन आला. "हे आधी. तुझ्या वाघरीपासून दोनशे पावलांवर बाभूळ आहे, तिच्यापाशी खड्डा खण. कमरेइतका खोल. झाला की मला बोलाव."

खड्ड्यात पाडून धरायचा बेत असणार, असं मेंढपाळाला वाटलं. तो मनातून सुखावला. म्हातारा खरा जाणता! पण माळाची जमीन म्हणजे मुरूम. कुदळ मारावी तर ठिणगी उडे आणि मूठभर माती निघे. पहिल्या दिवशी गुडघ्याएवढं खणून झालं; रात्र वाघरीपाशी काठी घेऊन जागण्यात गेली. दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले. "शिकार करायची की विहीर पाडायची?" असं तो बाभळीलाच विचारत होता. तिसऱ्या दिवशी तर त्याला रागही येईना, इतका तो दमला. खड्डा कमरेला लागला तेव्हा त्यानं म्हाताऱ्याला बोलावून आणलं.

"बाबा, आता वर फांद्या टाकू ना? आमिष काय ठेवू?"

म्हाताऱ्यानं खड्ड्यात पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या वाघरीमागं काय आहे, ते दाखव," तो म्हणाला.

वाघरीमागं दहा पावलांवर पावसाच्या पाण्यानं पडलेली एक ओघळ होती. दोघं तिच्या काठाशी आले आणि मेंढपाळानं सवयीनं नाकाला फडकं लावलं. खाली मेंढ्या विताना पडलेल्या वारेचे वाळलेले तुकडे पडले होते. मेलेलीच जन्मलेली तीन कोकरं होती; म्हणजे त्यांची आता हाडंच होती. ओल्या मातीत कोल्ह्याच्या पावलांची सरळ वाट ओघळीतून वर चढून वाघरीपर्यंत आली होती.

"हे ताट कुणी वाढलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मेंढपाळानं नाकावरचं फडकं खाली घेतलं. "बाबा, आमच्यात असंच टाकतात. माझा बापही असंच टाकायचा."

"तुझा बाप टाकायचा आणि सकाळी कळप घेऊन पुढच्या गावाला जायचा. त्याची घाण मागं राहायची. तू मुक्काम केलास, बाळा. तुझी घाण शेजारी राहिली." म्हातारा काठावर बसला. त्याचे गुडघे दुखत असावेत. "कोल्हा आधी इथं आला. मेलेलं खाल्लं, फुकटचं, रोजचं. मग एका दिवशी ताट रिकामं होतं, आणि दहा पावलांवर त्याच वासाचं जिवंत कोकरू होतं. त्यात त्याचा काय अपराध? मी तरुणपणी अशाच एका ओघळीत अकरा कोल्हे मारले. लोकांनी फेटे बांधले मला. बारावा आला तेव्हा वाटलं, ही ओघळच कोल्हे विते की काय! फार उशिरा कळलं. कोल्हा मारणं हे शेवटचं काम आहे रे. त्याला बोलावणं बंद करणं हे पहिलं."

"पण त्याला आता चव लागलीय. मी हे त्या खड्ड्यात पुरलं म्हणून तो यायचा थोडाच राहतोय?"

"येईल की. चार-सहा दिवस येईल, हुंगेल. त्याला तुझा कुत्रा आणि तुझी काठी पुष्कळ झाली. आठव्या दिवशीही आला, तर हा चाप मी माझ्या हातानं लावून देईन." असं म्हणून त्यानं चाप काखोटीला मारला आणि तो निघून गेला.

मेंढपाळानं ओघळ साफ केली. सारं खड्ड्यात घातलं, वर मातीचा थर टाकला, धोंडे रचले, काटेरी फांद्या लावल्या. पहिले तीन दिवस कोल्हा आला. कुत्रा भुंके, हा काठी आपटे, कोल्हा मागं सरे. चौथ्या दिवशी तो दिसला नाही. पाचव्या दिवशी पुन्हा ओघळीत उभा होता. कारभारणीनं भांडी एका गोणीत भरून ठेवलेली मेंढपाळानं पाहिली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी शेवटची गाभण मेंढी व्याली. जुळं झालं, एक जिवंत, एक मेलेलं. जिवंत कोकराला कारभारणीनं पोटाशी धरलं आणि मेंढपाळ मेलेलं घेऊन उठला. अंगात त्राण नव्हतं. ओघळ दहा पावलांवर होती, बाभूळ दोनशे पावलांवर, आणि तिथं पुन्हा धोंडे हलवायचे, माती ओढायची. एक दिवस टाकलं तर काय होतं? बघायला कोण आहे इथं? त्याचे पाय ओघळीकडे वळलेसुद्धा. चार पावलं गेल्यावर त्याला कोल्ह्याची ती सरळ वाट आठवली. ती ओघळीत सुरू झालेलीच नव्हती. ती टाकणाऱ्या त्याच्या स्वतःच्या हातापासून सुरू झाली होती. तो तिथंच उभा राहिला आणि त्याला रडू आलं. मग डोळे पुसून तो बाभळीकडे चालू लागला.

सातव्या दिवशी पहाटे कोल्हा आला. ओघळीत उतरला, इकडंतिकडं हुंगत फिरला, काठावर येऊन क्षणभर बसला. भाला मेंढपाळाच्या उशाशी होता आणि अंतर बेताचंच होतं. त्यानं भाला उचलला नाही. रिकाम्या ताटावरून उठावं तसा कोल्हा उठला आणि डोंगराच्या बाजूनं निघून गेला.

आठव्या दिवशी बोलल्याप्रमाणे म्हातारा चाप घेऊन आला. ऊन चांगलं वर आलं होतं. कारभारीण गोणीतून भांडी काढून एकेक घासत होती. तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बाबा. आज कोल्हा फिरकला नाही. काल सांजेपासून झोपलेत ते. मीच उठवलं नाही."

वाघरीच्या सावलीत मेंढपाळ पालथा पडला होता. नवं कोकरू त्याच्या पाठीवर चढून बसलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. म्हाताऱ्यानं फावड्याकडे पाहिलं. त्याचं पातं घासून लखलखत होतं. भाल्यावर दवानं गंजाचे ठिपके पडले होते. तो चाप तसाच काखेत घेऊन मागं फिरला, आणि पुष्कळ दिवसांनी त्यालाही दुपारी डोळा लागला.

जे आपल्या दारी रोज येऊन उभं राहतं, त्याच्यावर हत्यार उगारण्याआधी एकदा घराच्या मागच्या बाजूला जाऊन यावं.