करबचतीची खिचडी

निवृत्तीला आलेल्या शिक्षकांसमोर करसल्लागार भडकमकरसाहेब कोट चढवून उभे राहिले, की भलेभले मान डोलवायचे. त्या दिवशीही साहेब गरजले, "सरकारला कर देतो तो मूर्ख! फंडाचा सगळा पैसा माझ्या योजनेत घाला. कर वाचलाच म्हणून समजा. फक्त पंधरा वर्षं त्याला हात लावायचा नाही."

माना डोलल्या. पेनं निघाली. तेवढ्यात जिल्हा परिषद शाळेच्या द्वारकाबाई ठोंबरे उठल्या. वय अठ्ठावन्न.

"साहेब, यात तुम्हाला कमिशन मिळतं ना?"

"मिळतं की, लगेच! पण त्यावर कर भरताना जीव जातो हो."

"अरेरे! असं करा. आमच्या शाळेत मुलांना खिचडी वाढण्याआधी मास्तर स्वतः चाखतो. तुम्हीही चाखा. सगळं कमिशन याच योजनेत घाला आणि पंधरा वर्षं हात लावू नका. तुमचाही कर वाचेल."

साहेब दचकले. तोंडून निघून गेलं, "अहो बाई, मग तोवर मी खाऊ काय?"

"हेच विचारायला मी उठले होते," बाई म्हणाल्या आणि कोरा फॉर्म त्यांच्या हातात ठेवून खाली बसल्या.